चार वितींचं दार

दार चौकटीला लावून बघितलं आणि ते तीन इंच मोठं निघालं, तेव्हा मी सगळ्यात आधी सुनेकडे बघितलं. माझी ती जुनी खोड आहे. दूध उतू जावो, नळ चालू राहो, माझी मान आपोआप तिच्याकडे वळते. तिनेही सवयीप्रमाणे खाली बघितलं. मुलाचा चेहरा मात्र खुलला.

"झालं," तो म्हणाला. "विषय संपला."

विषय कसला संपतोय. पण हे दार माझ्यासाठी काय होतं, ते आधी सांगते. घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा अडीच खोल्यांत आठ माणसं राहत होती. सासू-सासरे, दोन दीर, दोन नणंदा, हे आणि मी. आतून बंद होणारं दार घरात एकच, ते कोठीच्या खोलीचं. जाडजूड सागवान, एकाखाली एक तीन पॅनेल, आतून लाकडी खिटी. धान्य काढायच्या निमित्ताने मी आत जायचे, खिटी लावायचे आणि दाराला पाठ टेकून शंभर आकडे मोजायचे. शंभराच्या पुढचे आकडे तेव्हा पक्के नव्हते, नाहीतर आणखी थांबले असते. तेवढ्या वेळात मी कधी रडले, कधी एकटीच हसले. एकदा तर सासूबाईंच्या चालण्याची नक्कल केली, आणि ती इतकी हुबेहूब झाली की माझी मलाच भीती वाटली. काहीच सुचलं नाही की दार वितीने मोजायचे. रुंदी बरोबर चार विती. आकडा डोक्यात कोरला गेला तो तेव्हापासून.

पुढे नणंदा सासरी गेल्या, दिरांनी वेगळी घरं केली, सासू-सासरे गेले. माणसं कमी झाली तशा वस्तू वाढल्या. मला स्वतःची खोली काही मिळाली नाही. मी झोपायचे बाहेरच्या खोलीत, ह्यांच्या घोरण्याच्या शेजारी, आणि मुलाला रात्री पाणी लागलं तर तो माझ्या पायावरून जायचा.

यंदा मुलाने घर नीट करायला काढलं. कोठीची भिंत पाडून स्वयंपाकघर मोठं करायचं आणि मागच्या मोकळ्या जागेवर छप्पर घालून एक खोली काढायची. "ती आईची," असं तो जेवता जेवता म्हणाला. मी जणू त्याच्यावरच उपकार करतेय अशा थाटात "बघू" म्हटलं. आत मनात काय चाललं होतं ते माझं मला माहीत. त्या रात्री मी खाट कुठे, कपाट कुठे, सगळं पन्नास वेळा हलवलं.

अट एकच घातली. खोलीला कोठीचं दार लागलं पाहिजे. मुलाने कारण विचारलं तेव्हा सांगितलं की सागवान आहे, असं लाकूड आता मिळत नाही. मला दाराला पाठ टेकून आकडे मोजायचेत असं सांगितलं असतं, तर पोराने डॉक्टर बोलावला असता.

आता मापाचं सांगते. या घरात मोजपट्टी म्हणजे माझी वीत. पडदे, गाद्या, पोरांच्या विजारी, सगळं माझ्या वितीने कापलं गेलं आणि कधी कुणाला आखूड झालं नाही. गवंड्याने चौकटीचं माप विचारलं त्या दिवशी कोठीचं दार भिंतीशी आडवं पडलेलं होतं आणि त्याच्यावर सिमेंटची पोती रचलेली. मी म्हटलं, चार विती. त्याला इंच हवे होते. मग सुनेने टेप आणली, मी ओट्यावर हात पसरला, तिने आकडा वाचला, सव्वाआठ. सव्वाआठ चोक तेहतीस. ती हळूच म्हणाली की एकदा पोती हलवून बघूया का. मी तिला म्हटलं, "पोती हलवायची हौस असेल तर हलव. माझी वीत आहे तिथेच आहे."

गवंड्याने तेहतीस इंचांची चौकट बसवली. एका बाजूला काँक्रीटचा खांब, दुसऱ्या बाजूला भिंतीत पाण्याचे पाइप, वरून फरश्या लावून सगळं चकाचक. चौकट आता तसूभर हलणार नव्हती. आणि आज पोती उचलली, दार उभं केलं, तर ते छत्तीस.

मुलाची तयारी होतीच. तेहतीस इंची तयार दार दुकानात उभं होतं, पांढरंशुभ्र, गुळगुळीत, दवाखान्यात असतं तसं. एक फोन केला की येणार. संध्याकाळी पाच वाजता भंगारवाल्याचा टेंपो येणार होता, जुन्या खिडक्या, वाळवी लागलेल्या चौकटी न्यायला. त्यातच हे दारही जाईल, असं तो अगदी सहज म्हणाला. आणि मग बायकोकडे वळला. एवढं साधं माप, तेही टेपने घेतलेलं, तेही चुकवलंस, म्हणून आज माझी रजा वाया, असं बरंच काही. ती ओल्या फडक्याने फरशी पुसत राहिली. तिथली फरशी स्वच्छच होती.

दार बसवायला आलेला सुतार हे सगळं बाजूला उभा राहून ऐकत होता. पन्नाशीचा माणूस, कानामागे पेन्सिल, अंगात बिनबाह्यांचा सदरा. महिनाभर घरात काम करत होता, पण त्याच्या तोंडून मी दहा शब्द ऐकले असतील नसतील. मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. तो पुढे आला, दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, परत टकटक केलं, एखादा डॉक्टर छाती तपासतो तसं.

मी विचारलं, हे लहान होईल का.

"होईल."

पाचच्या आत?

त्याने घड्याळ बघितलं. साडेआठ वाजले होते. "होईल. पण कामात कुणी बोलायचं नाही."

मुलगा मोठ्याने हसला. "आई दिवसभर गप्प? मग दार टेंपोत गेलंच म्हणून समजा." पण हसण्याच्या भरात तो कबूल करून बसला की पाचच्या आत दार बिजागरीवर फिरलं तर राहील, नाही फिरलं तर जाईल. मी लगेच ह्यांना साक्षीदार केलं. हे पेपरमागून "हो हो" म्हणाले आणि घड्याळ हातात घेऊन बसले.

मला वाटलं होतं की दोन्ही कडांनी दीड दीड इंच करवत फिरवली की झालं. मौनीबाबाने मान हलवली आणि मला कडेवर एक चौकोनी खूण दाखवली. आडव्या पट्टीच्या टोकाला लाकडाची जीभ असते, ती उभ्या पट्टीच्या खाचेत आरपार जाते आणि बाहेरच्या टोकाला पाचर मारून घट्ट केलेली असते. कडा कापली की पाचर जाते, दाराची पकड जाते आणि वर्षभरात दार लटकतं. म्हणजे दार सगळं सुटं करायचं, आडव्या पट्ट्या तीन तीन इंच आखूड करायच्या, त्यांना नव्या जिभा काढायच्या, पॅनेल कापायचे आणि पुन्हा जोडायचं. हे सगळं त्याने बोटांनी सांगितलं. बोलला असता तर निम्मं कळलं नसतं.

सुटं करण्याआधी त्याने दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग वरच्या पट्टीवर हात ठेवून वीत टाकल्यासारखं केलं. म्हणजे मोजा.

मी मोजलं. एक, दोन, तीन, चार, आणि तरीही लाकूड शिल्लक. मी दुसऱ्या टोकाकडून मोजलं. तरीही शिल्लक. मला ते दार एकदम परकं वाटायला लागलं. मी म्हटलं, पावसापाण्यात फुगलं असेल. मौनीबाबाने माझा अंगठा लाकडावर दाबून धरला आणि करंगळी अलगद ताणली. करंगळी कळवळली, पण पुढे सरकली नाही. त्याने माझ्या हाताखाली टेप धरली. सव्वाआठ.

"लाकूड एवढं फुगत नाही, मावशी," तो म्हणाला. आवाज इतका खाली होता की फक्त मलाच ऐकू यावा.

मी हाताकडे बघत राहिले. कोठीत मोजायचे तेव्हा हा हात नऊ इंच उघडायचा. नऊ चोक छत्तीस. दार होतं तेवढंच होतं. चव्वेचाळीस वर्षं कणीक, धुणी, बादल्या करून हात पाऊण इंच मिटला होता आणि मला त्याने कळवलंही नव्हतं.

मुलगा तिकडे अजून सुनेला सुनावत होता, आता टेप धरायची कशी यावर. मला काहीच करायचं नव्हतं. गप्प राहायचं होतं फक्त, आणि गप्प राहायची तर अटच होती. अशी सोन्यासारखी संधी रोज मिळत नाही. पाच मिनिटं मी ती पाळली. तेवढ्यात सांध्यांतल्या तीन लाकडी खुंट्या निघाल्या.

मग मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"तिला बोलू नकोस. तिने माप बरोबर घेतलं होतं. माझा हात आखडलाय."

ह्यांनी पेपर खाली केला. एवढ्या वर्षांत या घरात मी चुकले असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय म्हणायचं असतं ते कुणालाच येईना. अंगणातून मौनीबाबाचा आवाज आला, "हे बोललेलं चालेल."

सून फडकं पिळत म्हणाली, "मला माहीत होतं, आई."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षी उशांच्या खोळी बेतल्यात तेव्हापासून. सगळ्या आखूड आल्या होत्या. मी खालून पट्टी जोडली."

आणि मी वर्षभर शेजारणीला सांगत होते की माझ्या खोळी कशा नेमक्या बसतात. त्या पट्ट्या मी बघितल्याही होत्या. मला वाटलं होतं, पोरीने शोभेसाठी लावल्यात.

"पोती हलवायला मी नको म्हटलं, तेव्हा तरी बोलायचं होतंस."

"बोलले असते तर तुम्ही चौकटच नको म्हणाला असतात," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली. खरं होतं. मी रागाने खोलीच नको म्हटलं असतं. मी म्हटलं, आता ते फडकं टाक आणि बाहेर चल, इथे दाराचा जीव टांगणीला लागलाय.

त्यानंतरचा दिवस कसा गेला ते सांगताना मला अजून धाप लागते. मौनीबाबा एकेका खुंटीवर लोखंडी दांडी ठेवायचा आणि हातोड्याचा एकच ठोका घालायचा. खुंटी पलीकडून टुणकन बाहेर. दाराला ना एक खिळा ना सरसाचा थेंब, नुसत्या खुंट्या आणि पाचरी. शेवटच्या ठोक्याला एक मोठा कर्र असा आवाज झाला आणि माझं दार नऊ तुकडे होऊन अंगणात पडलं. मुलगा ओटीवरून बघत होता, त्याला वाटलं आता हे जुळत नाही. पण आतलं लाकूड बघितलंत तर! बाहेरून सात रंगांची पुटं, हिरवा, पिवळा, तो भयंकर गुलाबी जो धाकट्या दिराने आणला होता, आणि आत खाचेत लाकूड कालच कापल्यासारखं तांबूस. वासाने सगळं अंगण भरलं. सुनेने एक खुंटी नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

हे घड्याळ घेऊन ओटीवर बसले होते आणि रेडिओसारखी वेळ सांगत होते. दहा वाजले. सव्वादहा वाजले. मौनीबाबाने पट्ट्या आखल्या, आडव्या कापल्या, नव्या जिभा काढल्या. पटाशीच्या एकेका सालीला मी मान डोलावत होते, जणू मीच त्याला शिकवलंय. बोलायचं नव्हतं म्हणून सून आणि मी खुणांनी बोलत होतो. मी भुवई उडवली की ती पाणी आणायची, तिने डोळे मोठे केले की मी करवतीखालून पाय काढायचे. एवढ्या वर्षांत आमचं इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं.

बारा वाजले. पॅनेल कापून झाले, दोन्ही कडांनी सारखे, आणि त्यांच्या उतरत्या कडा रंध्याने पुन्हा काढायला घेतल्या. जेवण उभ्या उभ्या झालं. अडीच वाजले. मधल्या पॅनेलला रंधा मारताना बारीक चीर दिसली आणि मी सुनेचं मनगट धरलं. मौनीबाबाने चिरेवरून नख फिरवलं, जिभेने चक् केलं, एक रंधा जास्त मारला आणि चीर गेली. रंगाचीच होती. मी खाली बसून घेतलं.

पावणेचारला तो नऊच्या नऊ तुकडे पुन्हा जुळवायला बसला. तुकडे एकमेकांत शिरले, पण पूर्ण नाही. जिभा नव्या, अंगाने जरा फुगीर, खाचेत बोटभर बाहेरच राहिल्या. दोन्ही बाजूंनी आवळून धरलं तर बसतील आणि मग खुंट्या ठोकता येतील. त्याच्याकडे एवढा मोठा शिकंजा नव्हता. एकच होता, आणि तोही अर्धाच पुरत होता. त्याने अंगणात नजर फिरवली आणि ती कपडे वाळत घालायच्या दोरीवर थांबली. मी काही विचारायच्या आत सुनेने ओले कपडे उन्हात घातलेल्या गादीवर फेकून दोरी सोडली होती. माझ्या गादीवर. मी एक शब्द बोलले नाही, ही नोंद व्हावी.

दारावरून दोरीचे तीन वेढे, प्रत्येक वेढ्यात एक काठी, आणि काठी फिरवत जायचं म्हणजे दोरी पीळ खाते आणि दार आवळतं. काठ्या तीन. एकीला मी, एकीला सून. तिसरीला हे आले, घड्याळ दातात धरून. ह्यांच्याने काठी दोन फेरे फिरली आणि मागे यायला लागली.

नेमका तेव्हा टेंपोचा हॉर्न वाजला. साडेचारच झाले होते. भंगारवाला, मिशीवाला धिप्पाड गडी, सरळ अंगणात आला आणि विचारायला लागला की माल कुठाय. मुलाने खिडक्या दाखवल्या, चौकटी दाखवल्या, आणि मग दाराकडे हात केला. भंगारवाल्याने दाराकडे बघितलं, मग काठ्यांना लोंबकळणाऱ्या आम्हा तिघांकडे बघितलं. जवळ येऊन त्याने कडेवरून हात फिरवला.

"साहेब," तो मुलाला म्हणाला, "असं लाकूड कुणी टेंपोत घालतं का?" आणि त्याने ह्यांना बाजूला करून काठी धरली. तीन फेरे फिरवले तशी दोरी गाण्यासारखी वाजायला लागली.

दोन काठ्यांकडच्या जिभा बसल्या, पण माझ्या बाजूच्या बसेनात. हात घट्ट मिटायला सांगितलं असतं तर मिटला असता, पण काठी धरून रेटायला बोटं पुरत नव्हती. मी सोडली असती तर सगळाच पीळ सुटला असता. मी मुलाकडे बघितलं. हाक मारली नाही, नुसतं बघितलं. तो ओटीवर कमरेवर हात ठेवून उभा होता. अंगात ऑफिसचा शर्ट, कारण रजा असूनही दुपारनंतर जाऊन येईन म्हणत होता.

"बाजूला हो," तो म्हणाला. आणि माझ्या हातावर हात ठेवून त्याने काठी अशी काही फिरवली की उरलेल्या जिभा खट्कन आत गेल्या आणि त्याच्या शर्टाचं बटण उडालं.

मौनीबाबा तयारच होता. त्याने भोकं मुद्दामच केसभर आत पाडली होती, म्हणजे खुंटी शिरताना जिभेला आणखी आत ओढते. ठोका, खुंटी, ठोका, खुंटी. आठच्या आठ. मग बाहेरून पाचरी. मग त्याने हात वर केला आणि म्हणाला, "सोडा."

आम्ही सोडलं. दोरी ढिली पडली. दार हललं नाही, कुरकुरलं नाही, नऊ तुकड्यांचं होतं असं कुणाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं.

पाचाला दहा कमी. खालून एक इंच करवत, कारण नव्या फरशीने जमीन वर आली होती. पाचाला सात कमी. मुलगा आणि भंगारवाला दार उचलून आत, सून स्क्रूची वाटी घेऊन मागे, हे वेळ ओरडत त्यांच्या मागे. जुन्याच पितळी बिजागऱ्या. मौनीबाबा गुडघ्यावर बसून स्क्रू पिळत होता आणि मी उभी राहून मनातल्या मनात त्याच्याबरोबर पिळत होते. शेवटचा स्क्रू बसला आणि त्याने एका बोटाने दार ढकललं.

फिरलं. चौकटीत जाऊन बसलं. दोन्ही बाजूंनी नाण्याची कड जाईल एवढीच फट.

"पाचाला तीन कमी," हे म्हणाले.

मुलाने कपाळाचा घाम पुसला, फोन काढला आणि दुकानदाराला सांगितलं की ते पांढरं दार दुसऱ्या कुणाला द्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाला की रंग काढून टाकला तर दार वाईट दिसणार नाही. मी म्हटलं, तूही दाढी केलीस तर वाईट दिसत नाहीस. मौनीबाबा हत्यारं पुसत होता. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, आतून खिटी जुनीच लावायची ना. मी मान डोलावली. ती त्याने दोन मिनिटांत लावली.

भंगारवाला खिडक्या भरायला गेला, मुलगा त्याच्या मदतीला गेला, सून दोरी परत बांधायला गेली. खोलीत मी एकटीच राहिले. अजून खाट नव्हती, कपाट नव्हतं, भिंतींना रंग नव्हता. मी दार लावलं, खिटी सरकवली. बाहेरचे आवाज एकदम लांब गेले. ह्यांचा, टेंपोचा, सगळे. मला आता शंभराच्या पुढचे आकडे येतात, पण मोजायचं सुचलंच नाही. मी मधोमध जाऊन उभी राहिले आणि स्वतःभोवती एक गिरकी घेतली. गुडघा बोलला, त्याला म्हटलं, तू गप्प बस.

इतक्यात दारावर टकटक झाली.

माझ्या दारावर कुणी टकटक करण्याची आयुष्यातली ती पहिली वेळ होती. बाहेर मुलगा होता. ज्याने पाण्यासाठी माझ्या पायावरून वर्षानुवर्षं ये-जा केली, तोच.

"आई," तो बाहेरून म्हणाला, "येऊ का?"

मी काही करत नव्हते. नुसती उभी होते.

"थांब जरा," मी म्हटलं.

आणि तो थांबला.